स्क्रीनवरचा अबाया

माझं नोकरीतलं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पोटात डोकावण्यात गेलं. असं म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवतात. मी सोनोग्राफर. डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण सौदीतल्या खोबरच्या ज्या खासगी दवाखान्यात मी वीसेक वर्षं काढली, तिथे सफाईवाल्यापासून पेशंटच्या सासूपर्यंत सगळे मला ‘सिस्टर’च म्हणायचे. सुरुवातीला मी दुरुस्त करायची. नंतर सोडून दिलं. कुठल्याही नावाने हाक मारली तरी पोटावरचं जेल तेवढंच गार लागतं.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. नवरा अजून धाहरानला नोकरीत आहे, सकाळी कंपनीच्या बसने जातो, आणि मी घरात भांडी जागच्या जागी लावत बसते. अशाच एका सकाळी अमेरिकेतून मुलीचा, केतकीचा, फोन आला. ती भडकलेली होती. ती राहते त्या राज्यात काही केंद्रं आहेत. अडचणीत सापडलेली गरोदर बाई तिथे गेली की तिला दुपटी देतात, बाळाच्या दुधाचे डबे देतात, फुकट सोनोग्राफी करतात आणि गर्भ पाडू नकोस म्हणून समजावतात. या केंद्रांना सरकारी तिजोरीतून पैसे द्यावेत की नाही, यावर तिकडे रान पेटलंय. केतकी इंग्रजीत भांडते, मी मराठीत ऐकते. शेवटी ती म्हणाली, आई, फुकट सोनोग्राफी ही मदत की सापळा, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? तू कुठल्या बाजूची?

मी म्हटलं, कुकरची शिट्टी होतेय, नंतर बोलू. कुकर लावलेलाच नव्हता.

आता जरा आमच्या धंद्याविषयी सांगते. लोकांना वाटतं मशीन फोटो काढतं. मशीन नुसता आवाज सोडतं आणि परत आलेला आवाज झेलतं. करड्या धुक्यातून डोकं कुठलं, पाय कुठला, हे माणसाने ओळखायचं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत तर शेंगदाण्याएवढं काहीतरी दिसतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत असतो. तो लुकलुकला की मी मनातल्या मनात ‘आहे’ म्हणायची आणि चेहरा मात्र दगडाचा ठेवायची. कारण टेबलावर पडलेली बाई मशीनकडे बघतच नसते. ती माझ्याकडे बघत असते. माझी भुवई जरा वर गेली तरी तिच्या घरात रडारड सुरू व्हायची. हा दगडी चेहरा कमवायला मला कित्येक वर्षं लागली, आणि त्याबद्दल घरच्यांची तक्रार अजून आहे.

दुसरी माझी सवय म्हणजे आधी विचारायचं. आमच्या जुन्या खोलीत स्क्रीन माझ्याकडे तोंड करून असायची. मोजमाप झालं की मी विचारायची, “बघायचंय का?” हो म्हणाली तर स्क्रीन फिरवायची, आवाज लावायची. नाही म्हणाली तर नाही. ज्या बाईच्या पोटातला ठिपका विझलेला असतो, किंवा जिला अजून काही सुचत नसतं, तिला न विचारता दाखवणं मला बरं वाटायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शिकवलेलं होतं ते वेगळंच. सौदीला येण्याआधी मी सांगलीत एका सोनोग्राफी सेंटरमध्ये डॉक्टरांच्या हाताखाली होते. तिथे भिंतीवर मोठा बोर्ड होता, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. त्या बोर्डाखाली उभं राहून लोक काय काय विनवण्या करायचे ते मी ऐकलेलं आहे. मग इथे आले, तर इथे उघड कारभार. सौदी आज्जी मांडी ठोकून बसते, “वलद? बिंत?”, मुलगा की मुलगी, विचारते, मी सांगते, आज्जी दोन्हींसाठी सारखंच अल्हमदुलिल्ला म्हणते. कायद्याने मनाई नाहीच. पण आपली माणसं टेबलावर आली की माझ्या डोक्यातला तो बोर्ड पुन्हा लागायचा. भारतीय जोडप्याला मी मुलगा की मुलगी हे कधीच सांगितलं नाही. ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणायची, आणि डॉ. हनान, आमच्या इजिप्शियन स्त्रीरोगतज्ज्ञ, मला सांभाळून घ्यायच्या.

यावरून माझी भांडणंही भरपूर झाली. एकदा रियाधहून एक आयटीवाले गृहस्थ बायकोला घेऊन एवढा लांब गाडी हाकत आले. सोबत भाकरवडीचा पुडा. रियाधच्या फिलिपिनो सोनोग्राफरने त्यांना सगळं सांगून टाकलेलं होतं. पण आपल्या माणसाकडून पक्कं करून घ्यावं, म्हणून ते आले होते. मराठी बाई आहे म्हटल्यावर ती खरं सांगेल, हा त्यांचा विश्वास. मी भाकरवडी ठेवून घेतली आणि काही सांगितलं नाही. ते म्हणाले, “अहो, आत्ताच त्या सौदी बाईला सांगितलंत की. आम्ही काय घोडं मारलं?” बायको सगळा वेळ छताकडे बघत होती. त्यांना उत्तर आधीच माहीत होतं, तेव्हा माझ्या गप्प बसण्याने काय थांबलं असेल, देव जाणे. ती दोघं पुढे सुट्टीवर भारतात गेली की नाही, तेही मला कळलं नाही. भाकरवडी मात्र घशाखाली उतरली नाही, दवाखान्यातच वाटून टाकली.

दामलेसाहेब आले ते यानंतर. मूळ चिपळूणचे, इथे अबकैकच्या तेलाच्या प्लांटना मचाणं, म्हणजे स्कॅफोल्डिंग, बांधून देण्याचा त्यांचा मोठा व्यवसाय. गोरेपान, हळू बोलणारे, दर बोलण्याआधी चष्मा पुसणारे. ज्यांच्याकडे विमा नाही अशा आपल्याकडच्या गरोदर बायांसाठी काहीतरी करावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी दवाखान्याला नवं मशीन दिलं, एक मदतकक्ष उघडून दिला. बाळंतपणाचा खर्च, माहेरी जायचं तिकीट, पाळणा, दुपटी, सगळं त्यातून. अट एकच. मशीनसोबत भिंतीवर एक भली मोठी स्क्रीन लावायची, टेबलावर झोपलेल्या बाईच्या बरोबर नजरेसमोर, आणि या कक्षातून आलेल्या प्रत्येक बाईला बाळ दाखवायचं, ठोके ऐकवायचे. न विचारता.

ही अट कशासाठी, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. या देशात गर्भपात सहज होत नाही. आईच्या जिवाला धोका असेल किंवा तसंच काही गंभीर असेल, तर डॉक्टरांची समिती बसते, नवऱ्याची संमती लागते. त्यामुळे आपल्या बायका, ज्यांना नको असतं त्या, मायदेशी जातात. पण जायला एक्झिट-रीएंट्री, म्हणजे बाहेर जाऊन परत यायचा, व्हिसा लागतो, आणि बायको नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, असली की तो नवऱ्याच्या मोबाइलवरून निघतो. म्हणजे आमच्या टेबलावरून उठल्यापासून विमानात बसेपर्यंत जे काय ठरायचं ते ठरतं. दामलेसाहेबांना त्या आधीच्या क्षणी पोचायचं होतं.

डॉ. हनान मला म्हणाल्या, एका स्क्रीनपायी एवढी मदत नाकारायची का? मलाही ते पटलं. स्क्रीन लागली. खरं सांगायचं तर बहुतेक बायकांना आवडायची. नाक दिसलं की हसायच्या, नवऱ्याला आत बोलवा म्हणायच्या. मचाणावर काम करणाऱ्या एका तेलुगू मजुराची बायको तर ठोके ऐकून टेबलावरच टाळ्या वाजवायला लागली होती. हे मी मुद्दाम लिहिते, नाहीतर दामलेसाहेबांवर अन्याय होईल.

मग रेश्मा आली. श्रीवर्धनकडची. नवरा इरफान अबकैकला पाइप फिटिंगचा फोरमन. मोठा मुलगा शाळेत, धाकटी मुलगी अजून अंगावर पिणारी, आणि त्या मुलीच्या वेळी सिझेरियन होऊन पुढे बरेच महिने तिचं मन ठिकाणावर नव्हतं. हे मला डॉ. हनाननी सांगितलेलं. दिसत मात्र काहीच नव्हतं, नुसती थकलेली, अबोली रंगाचा सलवार-कमीज घातलेली तिशीतली बाई. अबाया, इथे बायका बाहेर पडताना कपड्यांवरून घालतात तो पायघोळ झगा, काढून तिने हातावरच घडी करून धरला होता, कारण खुंटी दाराच्या मागे होती आणि दार उघडं होतं. कक्षातून आलेली, म्हणजे तिला दाखवायचं होतं.

ती झोपली. मी जेल लावलं. स्क्रीन सुरू होतीच, अजून काळी. पोटावर मशीनचा प्रोब टेकवणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

“ताई, मना नको दाखवू. बगितला तं मना काय ठरवता येनार नाय.”

मी विचारलं, घरी माहीत आहे का? तिने हो म्हणून मान हलवली. इरफान बाहेर बसलाय, त्याला हवंय, तो वाईट माणूस नाही, रात्रीबेरात्री मुलीला तोच घेतो. पण मागच्या खेपेला गॅलरीत उभी राहिले की माझ्या मनात काय काय यायचं ते त्याला माहीत नाही. मला आईकडे जायचंय. तिथे बसून ठरवीन. ठेवीन नाहीतर नाही ठेवणार, पण तिथे. एवढं ती एका दमात बोलली आणि पुन्हा म्हणाली, “दाखवू नको.”

मी भिंतीवरच्या स्क्रीनचं बटण शोधलं. ती स्क्रीन मशीनला जोडून दिलेली होती, मशीन चालू की ती चालू. वेगळं बटणच नव्हतं. दामलेसाहेबांचं काम पक्कं. मग मी रेश्माच्या हातातला अबाया घेतला, टाचा उंचावल्या आणि स्क्रीनवर टाकला. काळा, साधा, बाहीला बारीक खडे लावलेला. आवाज बंद केला. मग माझ्या छोट्या स्क्रीनवर बघून मी माझं काम केलं. नववा आठवडा. ठिपका होता, चांगला जोरात लुकलुकत होता. मी चेहरा दगडाचा ठेवला. आयुष्यात त्या दिवशी तो चेहरा मला सगळ्यात जड गेला.

बाहेर इरफान उठून उभा राहिला. सगळं बरोबर आहे ना, असं त्याने विचारलं. डॉक्टर सांगतील, मी म्हटलं, आणि ती काय म्हणते ते ऐका. पुढची पेशंट यायची होती. दार लावताना बघितलं, तर दोघं बाकावर बसली होती. रेश्मा जमिनीकडे बघत बोलत होती आणि तो हातात मोबाइल घेऊन नुसता बसला होता. थोड्या वेळाने पुन्हा दार उघडलं तेव्हा बाक रिकामा होता. ती भारतात गेल्याचं मला पुढे कक्षातून कळलं. त्याने व्हिसा काढून दिला होता.

दामलेसाहेबांना मीच सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांच्याशी खोटं बोलावं असा तो माणूसही नव्हता. ते डॉ. हनानच्या खोलीत बसले होते. आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी ते इथे एका खोलीत सहा जणांबरोबर राहत होते, फॅमिली व्हिसा मिळत नव्हता, बायको डोंबिवलीत. तिला दिवस गेले. त्यांनीच पत्रातून लिहिलं की आत्ता नको. तिने ऐकलं. पुढे कधीच झालं नाही.

“तिला कुणी दाखवलं असतं ना बाई,” ते म्हणाले, “तर तिने माझं ऐकलं नसतं.”

त्या माणसाची मला फार दया आली आणि अजून येते. पण मी म्हटलं, साहेब, वहिनींना तुमचं ऐकावं लागलं, आणि रेश्माला तुमच्या स्क्रीनचं ऐकावं लागलं असतं. मग तिचं कुणी ऐकायचं?

त्यांना राग आला नाही. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही आपल्या लोकांना मुलगा-मुलगी सांगत नाही, असं ऐकलंय. का? त्यांनी पाडू नये म्हणूनच ना? म्हणजे काय दाखवायचं, काय लपवायचं, हे तुम्हीही ठरवताच. तुमचं चालतं, माझं नाही?”

डॉ. हनान हिंदी सिनेमाइतकंच हिंदी जाणतात, मराठी नाहीच, त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, त्या आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होत्या. उत्तर सुचलं ते पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडताना. साहेब, मी गप्प बसायची ती त्या बाईच्या मागे उभ्या असलेल्या घरामुळे. तुम्ही बोलता ते थेट त्या बाईवर चालून जायला. बरं होतं उत्तर. पण घरी पोचेपर्यंत तेही खिळखिळं झालं. रियाधची ती बाई छताकडे बघत होती; तिला काय हवं होतं, ते मी तरी कुठे विचारलं होतं? घराशी माझं भांडण, आणि त्यात मी तिलाही गप्प करून टाकलं असेल. नियम मी नंतरही पाळला, शेवटपर्यंत. फक्त दामल्यांइतकी खात्री मला राहिली नाही.

दामलेसाहेबांनी पुढच्या महिन्यापासून कक्षाचे पैसे बंद केले. भांडून नव्हे, आपल्या पैशाने आपल्याला नको ते व्हावं, हे त्यांना सोसवेना, एवढंच. मशीन आणि भिंतीवरची स्क्रीन आम्हाला राहू दिली. डॉ. हनाननी हात झटकून “खलास” म्हटलं आणि कक्षाच्या खोलीत पुन्हा खोकी रचली गेली. त्यानंतर कितीतरी दिवस बायका यायच्या आणि त्या दारासमोर उभ्या राहायच्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्या बाईची जाऊ आली होती, दिवस भरत आलेली, कागदपत्रं पिशवीत घालून. तिला बाळ हवं होतं; तिला नको होता तो फक्त बाळंतपणाचा खर्च. मी तिला सरकारी इस्पितळाचा पत्ता सांगितला, टॅक्सीत बसवून दिलं. टॅक्सी वळेपर्यंत ती मागे बघत होती. तत्त्व माझं होतं आणि टॅक्सीत ती बसली होती.

म्हणून केतकीला चटकन उत्तर देता येत नाही. तिकडच्या केंद्रांत दुपटीही आहेत आणि अटीही, आणि पैसे सगळ्यांचे. दुपट्यांना पैसे द्या, अटींना देऊ नका, असं म्हणायला सोपं आहे. पण जो देतो त्याला काहीतरी हवं असतं, आणि जी अडलेली असते ती टेबलावर आडवी असते; हे दोन्ही मी बघितलंय. सरकार देवो नाहीतर दामले, त्या बाईने ‘दाखवू नको’ म्हटल्यावर तिला दुपटं मिळणार की नाही, एवढंच मी विचारीन. केतकी म्हणते, आई, ही कुठली बाजू झाली? नसेल कुठली.

कक्ष बंद झाल्यावर दवाखान्यात मी एक काम केलं. सुतार बोलावून दाराच्या मागची खुंटी काढून घेतली आणि भिंतीवरच्या स्क्रीनच्या वर लावून घेतली. खोलीत आलेली बाई अबाया काढायची तेव्हा मी दोन्ही दाखवायची. एक खुंटी आणि एक खुर्ची. कुठे ठेवायचा ते तिने ठरवायचं. खुंटीवर टाकला की स्क्रीन झाकायची. बहुतेक जणी खुर्चीवर टाकायच्या. दवाखान्यात नव्याने लागलेल्या मुलींना वाटायचं, खुंटी भलत्याच ठिकाणी ठोकलीय.

माझ्या निवृत्तीला थोडे महिने राहिले होते तेव्हा रेश्मा पुन्हा आली. दोन-अडीच वर्षं झाली असतील. पोट चांगलं दिसत होतं, चेहरा भरलेला. इरफान बाहेर मुलीला घेऊन बसला होता. ती मुलगी आता बाकावरून उड्या मारण्याएवढी झाली होती; फाइलवर मुलं अजून दोनच होती. रेश्माने मला ओळखलं, हसली, आणि मग खुंटीकडे बघत उभी राहिली. ती कशासाठी आहे हे तिला सांगावं लागलं नाही. तिने अबाया खुंटीवर अडकवला. स्क्रीन झाकली गेली.

ती झोपली, मी मोजमापं घेतली. डोकं, पोट, मांडीचं हाड, सगळं वेळेबरहुकूम. मग नेहमीप्रमाणे विचारलं, बघायचंय का? तिने खुंटीवरच्या अबायाकडे बघितलं. मग म्हणाली, “काडा तो.”

मी अबाया काढून खुर्चीवर टाकला. बाळ अंगठा तोंडाशी नेऊन परत काढत होतं. रेश्मा बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग स्क्रीनवरून नजर न काढता तिने विचारलं,

“त्या वेलंचा पन होता का, ताई? असा चालू?”

वीसेक वर्षं कमावलेला चेहरा माझ्याकडे होता. ‘डॉक्टरांना विचारा’ हे वाक्यही होतं. पण हे ती विचारत होती. तेव्हा नको म्हणाली होती, आता हवं म्हणत होती.

“होता,” मी म्हटलं. “इवलासा होता. पण चालू होता.”

तिने डोळे मिटले. माझा हात प्रोबवर तसाच होता. बाहेर मुलगी बाकावर उड्या मारत होती आणि इरफान तिला हळू म्हणून सांगत होता. माझ्या मनात आलं, मी हे बोलायला नको होतं; आणि त्याच वेळी असंही वाटलं की दुसरं काही बोलले असते तर त्या दिवशीचा अबायाही खोटा ठरला असता.

मग रेश्माने डोळे उघडले. “मना वाटलाच होता,” ती म्हणाली. “तवा झेपला नसता.” तिने हाताच्या पालथ्या बाजूने गाल पुसले आणि मान जरा उचलून पुन्हा स्क्रीनकडे बघितलं.

“आता याचा आवाज लावा.”

मी आवाज लावला.